खटकचिंचोळीच्या माळावर थांबलेली हाक

उदगीरला भालकीची गाडी फलाटाला लागली आणि माझ्या तोंडून सवयीनं "भालकीऽऽ, भालकीऽऽ" अशी हाक निघून गेली. रांगेतले लोक दचकले. ध्वनिक्षेपकाच्या खोलीत आता नवा मुलगा बसतो, तो काचेतून हात हलवून हसला. अख्खी नोकरी मी याच एसटी स्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवली. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी माझं कधी अडलं नाही. घरात मात्र या आवाजाचं कुणाला कौतुक नाही. निघताना बायको म्हणाली होती, "रानातली जनावरं बघायला चाललात, तिथं तरी हळू बोला."

जनावरं बघायची होतीच, पण मला बोलावलं होतं ते या आवाजासाठी. खटकचिंचोळीचे बसवराजअप्पा तूर-हरभरा घेऊन उदगीरच्या मोंढ्यात यायचे. परतीच्या गाडीला वेळ असला की माझ्या खोलीत चहाला बसायचे. गावाबाहेरच्या माळाबद्दल ते फार जिव्हाळ्यानं बोलत. तिथले काळविटांचे कळप, अधूनमधून दिसणारा लांडगा. "गाडीत बसून बगण्यात काय हाय? पायी फिरायला या," असं म्हणायचे. गेल्या साली अप्पा गेले. दुःखाचं वर्ष म्हणून घरात कुठलाच सण झाला नाही. यंदा पहिली येळवस, आणि अप्पांच्या पत्नीचा, महादेवीअक्कांचा फोन आला.

"अण्णा, ह्या साली आमच्या शेतात हाक तुमी द्यायची. ह्यांची लई इच्छा होती, तुमचा आवाज एकदा आपल्या रानात घुमावा मनून. दोन दिवस आधी या, माळ बी दावते."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-उदगीरपासून बिदर-कलबुर्गीपर्यंतच्या पट्ट्यात मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. शेतात कडब्याची कोप (खोप) उभारतात, पूजा करतात आणि मग आंबील (ताकातली ज्वारीची पातळ कांजी) शिंपत पिकाला फेरी घालतात. फेरी घालताना "ओलगे ओलगे सालम पोलगे" अशी हाक द्यायची. हिचा नेमका अर्थ मी वाटेत भेटेल त्याला विचारला. प्रत्येकानं वेगळा सांगितला. हाक मात्र शिवेपलीकडे ऐकू गेली पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

भालकीला गाडी बदलून दुपारी खटकचिंचोळीत उतरलो. अक्का स्वतः फाट्यावर उभ्या होत्या. साठीच्या, उंच, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीचं करडंगं (लिंगाची डबी). "शरणु, अण्णा," एवढाच नमस्कार केला आणि माझी पिशवी हातातून काढून घेतली. घरी ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि ताजं लोणी वाढलं. अप्पांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. त्याकडे बघत मी घास तसाच धरून बसलो, तर अक्काच म्हणाल्या, "खावा की. ते असते तर तुमाला उठू दिले असते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांबरोबर माळ बघायला निघालो. सोबतीला मल्लाप्पा होता. हा धनगराचा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, यानं बरीचशी विकली आणि आता तो अक्कांच्या शेतावर रोजगारानं येतो. बाहेरचं कुणी माळ बघायला आलं तर हाच फिरवतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि तोंड अखंड चालू. तांबड्या मातीचा, सोनेरी गवताचा तो माळ पार आभाळाला टेकलेला दिसत होता. काळविटांत नर तेवढा काळा आणि शिंगवाला, माद्या पिवळसर आणि बिनशिंगाच्या, हे त्यानं सांगितलं. लांडग्याला इथं जुनी माणसं तोळ म्हणतात, हेही सांगितलं. आणि वर, "पण ह्या अंगाला तोळ आता येत न्हाई. ती ग्यारंटी माजी," असं छातीठोकपणे सांगितलं.

थोड्या वेळात कळप दिसला. मी "ते बघा!" म्हणालो. माझ्या मते हळूच म्हणालो. कळपाच्या माना एकदम वर झाल्या, एक मादी हवेत उडाली, तिच्यामागे सगळे उडाले आणि बघता बघता माळ रिकामा झाला.

"अण्णा, भाषण करायलाव का?" मल्लाप्पा म्हणाला.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मला चालायला शिकवलं. जनावराकडे सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, आपलं काम दुसरीकडेच आहे असं. टक लावून बघायचं नाही. आणि अगदी मुकं होऊन दबकत चालायचं नाही, कारण दबकत येतो तो शिकारी. घरातलं काहीबाही खालच्या आवाजात बोलत राहायचं.

"आमी दोगं रोज ह्याच वाटेनं शेताला जायचो," त्या म्हणाल्या. "ते मला इचारायचे, आज भाजी काय? मी सांगायची. हरणं कान हलवायची अन् पुन्यांदा चरायची. त्यास्नी आमचा आवाज ओळखू यायचा."

मग आम्ही तिघं तिरके तिरके चालत भाजीबद्दल बोलू लागलो. उद्याच्या भज्जीत (ओल्या शेंगदाण्यांची मिसळभाजी) चिंच किती घालायची यावर मल्लाप्पाचं आणि अक्कांचं जुंपलंही, पण सगळं हळू आवाजात. कळप पुन्हा दिसला, आणि या वेळी पळाला नाही. एक काळा नर मान उंच करून इतक्या जवळून गेला की त्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं वर्तुळ मला दिसलं. इतकी सुंदर गोष्ट मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

आणि मग ग्यारंटी संपली. बाभळीच्या झुडपाआडून लांडगा बाहेर आला. सडपातळ, गवताच्याच रंगाचा, लांब पायांचा. थांबून त्यानं आमच्याकडे पाहिलं. माझी पाचावर धारण बसली. ओरडावं की पळावं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

"सुमकं निंद्री (गप उभे राहा)," मल्लाप्पा पुटपुटला. त्याचाही आवाज जरा कापला.

"श्वास सोडा, अण्णा," अक्का म्हणाल्या. "धरून ठेवलाव तर त्याला कळतंय." आणि त्याच सुरात त्या लांडग्याशी बोलू लागल्या. "चाललाव आमी आमच्या वाटेनं. हे आमचे पाव्हणे हायत, उदगीरचे. उद्या येळवस हाय, लोकं लई येतील, तू जरा लांब ऱ्हा बाबा." शेजारणीशी बोलावं तसं. मी श्वास सोडला. पाय जागेवर राहिले. लांडग्याला आमच्यात फारसं काही सापडलं नसावं. तो वळला आणि रमतगमत निघून गेला.

"हा बाहेरचा होता," मल्लाप्पानं जाहीर केलं. "इथला न्हाई."

येळवशीच्या दिवशी रस्त्यानं नुसती रीघ लागली होती. ट्रॅक्टर, मोटारसायकली, नव्या साड्या, डोक्यावर आंबिलीची मडकी. अक्कांचा मुलगा शरणू आणि सून सुनीता आदल्या संध्याकाळी कलबुर्गीहून आले होते. शेतात हरभरा, त्यापलीकडे ज्वारी आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून कडेनं काटेरी करडईच्या ओळी. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. सुनीतानं पूजेचं ताट लावलं. अक्कांनी आंबिलीच्या मडक्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घसा चांगला हाय न्हवं, अण्णा?" मी खाकरून दाखवलं. खरं सांगतो, त्या वेळी मला फार अभिमान वाटत होता.

मल्लाप्पा फेरीसाठी पायवाट बघायला हरभऱ्यात गेला होता, तो तेवढ्यात धावत आला. आनंदानं फुललेला. "अक्का! हरणाची मरी (पिल्लू)! आताचीच, एक-दोन दिवसाची. गारठली होती बिचारी, घोंगडी घालून आलोय अंगावर."

अक्कांच्या हातातलं ताट खाली गेलं. "घोंगडी घातलास? तुझ्या घोंगडीवर कुत्रं निजतंय की रे रातीला!"

मल्लाप्पाचा चेहरा उतरला. मेंढरांत वाढलेला माणूस. कोकरू जमिनीवर पडलेलं दिसलं की उचलून घोंगडीत घ्यायचं, हे त्याच्या हातांना लहानपणापासून माहीत. पण हरणी मेंढी नव्हे. ती पिल्लाला लपवून ठेवते, लांबून लक्ष ठेवते आणि सगळं सामसूम झालं की दूध पाजायला येते. पिल्लाला स्वतःचा असा वास फारसा नसतो, म्हणून तर ते वाचतं. आता त्याच्या अंगावर कुत्र्याचा वास होता.

मल्लाप्पा मुकाट गेला, तिरका तिरका, आणि घोंगडी उचलून आणली. अक्कांच्या मागोमाग मी लांबूनच पाहिलं. हरभऱ्याच्या दोन ओळींमध्ये, मान जमिनीला टेकवून, मुठीएवढं डोकं. डोळे उघडे, आणि बाकी काही म्हणता काही हलत नव्हतं. शेजारच्या शेतातून त्याच वेळी "ओलगे ओलगेऽ" घुमलं. पिल्लू आणखी जमिनीत शिरलं. आजूबाजूच्या शेतांत लोकांबरोबर त्यांची कुत्रीही आली होती. हे पिल्लू घाबरून उठलं, तर चार उड्यांत कुत्र्यांच्या तोंडी जाणार होतं.

"फेरी घालायची न्हाई आता," अक्का म्हणाल्या. "हरणी येऊन घेऊन जाईस्तोवर कुणी आवाज करायचा न्हाई."

शरणूला ते पटेना. "आई, अप्पाच्या माघारी पयली येळवस हाय. शेताला फेरी न्हाई, हाक न्हाई, म्हंजे काय? लोकं काय मनतील? अण्णा एवढ्या लांबून कामून आलेत?"

बापाच्या शेतात बापाची हाक व्हावी म्हणूनच तो आला होता. मी मधला मार्ग सुचवला, "मी हळू आवाजात म्हणतो. नुसतं तोंडातल्या तोंडात."

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "हाक चोरून देत न्हाईत, अण्णा. द्यायची तर पुरी द्यायची. दिवस बुडायच्या आत हरणी आली तर देऊ. न्हाई आली तर ह्या साली बी राहिली." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. या बाईनं वर्षभर या एका दिवसाची वाट पाहिली होती, हे मला फोनवर कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

कुत्री बांधायला सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. काम सोपं वाटलं होतं, पण येळवशीला कुणाच्या शेतात पाय ठेवला आणि न जेवता परत आलात असं होत नाही. पहिल्याच कोपीतून "बर्री, बर्री, ऊटा माड्री (या, या, जेवा)" झालं. मी खाली बसून, आवाज मुठीत धरून पिल्लाचं सांगितलं. त्यांनी लगेच कुत्रं बांधलं आणि माझ्यापुढे पान वाढलं. भज्जी, बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर, वरून आंबील. पुढच्या शेतात तेच. त्यापुढच्या शेतातल्या आजीनं तर, "बसवराजप्पाच्या रानातली मरी व्हय? मग आमचं कुत्रं मी मांडीवर घेऊन बसते," असं म्हणून खरंच त्या धटिंगण कुत्र्याला पदराखाली घेतलं आणि मला दुप्पट खीर वाढली. बांधावरून परत आलो तेव्हा मला धड वाकताही येत नव्हतं.

मग बसणं. सगळी दुपार आम्ही कोपीत बसून होतो. हालचाल नाही, खालच्या आवाजात थोडं बोलणं. शरणू गवताची काडी मोडत होता. मल्लाप्पा एक शब्द बोलत नव्हता, आणि त्याला गप्प बघणं फार वाईट वाटत होतं. शेवटी अक्काच त्याला म्हणाल्या, "भज्जीत चिंच कमी पडली रे. तुझंच खरं होतं." त्यानं मान खाली घातली आणि डोळे पुसले.

आजूबाजूच्या शेतांतून हाका येत राहिल्या. प्रत्येक हाकेला अक्कांची बोटं पदरावर आवळायची. मी उठून काही करावं, काही बोलावं, असं मला शंभरदा वाटलं. समोर कुणी दुःखात असलं की मला गप्प बसवत नाही. पण मी श्वास सोडला आणि बसून राहिलो.

उन्हं कलली. ट्रॅक्टर गावाकडे निघू लागले. सूर्य ज्वारीच्या कणसांना टेकला आणि सुनीतानं नुसता माझा हात दाबला.

करडईच्या काट्यांपलीकडे हरणी उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. कान पुढे, एक पाय उचललेला. ती आमच्याकडे बघत होती आणि आम्ही सगळे जमिनीकडे. तेव्हा अक्का बोलू लागल्या. अगदी हळू, रोजच्या सुरात. "उद्या भाजी काय करावं मनते मी. मेथी लई झालीय. का वांगं करू?" मग शरणू म्हणाला, "वांगं कर, आई. अप्पाला आवडायचं." तोही अगदी तसाच बोलला, त्याच पट्टीत.

हरणी आत आली. पिल्लाजवळ थांबली, त्याला हुंगलं, दचकून मागे सरकली. मल्लाप्पानं डोळे मिटून घेतले. तिनं पुन्हा हुंगलं, आणि मग चाटायला लागली. पाठ, मान, कान, सगळं चाटून काढलं. पिल्लू काड्यांसारख्या पायांवर उभं राहिलं, धडपडलं, परत उभं राहिलं आणि ढुशी देऊन दूध प्यायला लागलं. सुनीता रडत होती. मीही रडत होतो, लपवायचं कशाला? मग ती दोघं करडईच्या फटीतून माळाकडे गेली, आई पुढे आणि ते मागे. गवतात शिरल्यावर दिसेनाशी झाली.

आम्ही आणखी थोडा वेळ बसलो, ती लांब जावीत म्हणून. सूर्याची फक्त वरची कड उरली होती.

"अण्णा, द्या आता हाक," शरणू म्हणाला.

मी उठलो, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. इतक्या वर्षांत कधी न बसलेला माझा घसा असा दाटला होता की नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. तेच. मी हताश होऊन अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी मडकं उचलून कडेवर घेतलं, पदर खोचला आणि हरभऱ्यात उतरल्या. पहिला हात आंबिलीचा शिंपडला. "ओलगे..." आवाज फुटला, अर्ध्यात तुटला. त्या थांबल्या. मग मान वर करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "ओलगेऽ ओलगेऽ सालम पोलगेऽऽ", आणि या वेळी ती हाक तुटली नाही. या बाईचा एवढा आवाज असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या चालता चालता पळू लागल्या. आंबील दोन्ही हातांनी उधळत, करडईच्या कडेकडेनं, ज्वारीला वळसा घालून. शरणू त्यांच्या मागे पळाला, मग मल्लाप्पा. रस्त्यावरचे ट्रॅक्टर थांबले, आणि घरी निघालेल्या लोकांनी तिथून हाकेला हाक दिली. "बसवराजप्पाच्या शेतातनं आली!" असं कुणीतरी ओरडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. फेरी पुरी करून अक्का कोपीशी आल्या, मांडी घालून बसल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही.

सकाळी फाट्यावर सोडायला त्याच आल्या. घसा पार बसला होता. पिशवीत त्यांनी खिरीचा डबा आणि ओल्या हरभऱ्याची जुडी घातली होती. गाडी आली तेव्हा कानाशी येऊन कसंबसं म्हणाल्या, "दरसाली या, अण्णा. हाक द्यायला न्हाई, जेवायला या."

उदगीरला घरी पोचलो. बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "झाली का नीट? दिलीत हाक?"

"अक्कांनी दिली," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. लांडगा, घोंगडी, कुत्र्याला मांडीवर घेतलेली आजी. ऐकता ऐकता तिनं पिशवीतली हरभऱ्याची जुडी काढून सोलायला घेतली.

"बरं केलंत," मग म्हणाली.

मी तर काहीच केलं नव्हतं. अख्खी दुपार नुसता अक्कांच्या शेजारी बसून राहिलो होतो. पण तिनं पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.